साष्टीचे बेट आणि प्रशांत महासागरातली बेटे

दुसऱ्या महायुद्धातले प्रशांत महासागरावरचे रण आपल्याकडे पुष्कळांच्या परिचयाचे आहे ते चित्रपटांवरून, आणि इवो जिमाच्या डोंगरावर निशाण उभारणाऱ्या सैनिकांच्या त्या एका छायाचित्रावरून. नीमित्झ, मॅकआर्थर, हॉल्सी ही नावे कानांवरून गेलेली असतात. मिडवे किंवा तरावा नकाशात दाखवा म्हटले की मात्र पंचाईत होते. त्या दूरच्या युद्धाची हकिकत माजिवड्यात सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे. आपण सारे या घटकेस एका बेटावर बसलो आहोत, आणि हे बेटही लढून घेतलेले व लढून गमावलेले आहे. कळव्याच्या पुलावरून किंवा बाळकुमहून कशेळीच्या पुलावरून पलीकडे जाताना खाली खाडी लागते, हे आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. माजिवड्याहून निघणारा घोडबंदरचा रस्ता ही खाडी उजव्या हाताला ठेवीत जातो, तो शेवटी वसईच्या पाण्याशी. पूल नव्हते तेव्हा साष्टी हे खरेखुरे बेट होते, आणि बेटाच्या युद्धाचे जे काही शास्त्र आहे ते सारे या खाडीने एकदा आपल्या पूर्वजांना शिकवले होते. अमेरिकन सेनापतींनी तेच शास्त्र दोनशे वर्षांनी हजारो मैलांच्या पाण्यावर चालवले. म्हणून दोन्ही हकिकती शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या, असे आम्हांस वाटते.

साष्टी या नावाचा उगम सहासष्ट गावांशी जोडतात. गोव्यातही एक साष्टी आहे, तिच्याशी गल्लत होऊ नये. गुजराथच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली, तिच्याबरोबर साष्टीही गेली आणि दोनशे वर्षे त्यांच्याकडेच राहिली. दक्षिणेकडचे मुंबईचे छोटे बेट त्यांनी १६६१ च्या लग्नाच्या करारात इंग्रजांना देऊन टाकले. ते देताना पोर्तुगालच्या दरबाराला त्याची किंमत कळली नव्हती. स्थानिक पोर्तुगीज अधिकाऱ्यांना कळली होती, म्हणूनच त्यांनी ताबा देण्यात चार वर्षे घोळ घातला. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

पोर्तुगीजांचा भरवसा पाण्यावर होता. समुद्रात आपली जहाजे फिरताहेत तोवर बेटाला कोण हात लावतो, ही त्यांची समजूत. वसईचा कोट भक्कम, तटबंदी दगडी, पण ठाण्याला, म्हणजे जेथे मुख्य भूमी सर्वांत जवळ येते तेथे, धड किल्लाच नव्हता. मराठे कल्याण-भिवंडीच्या बाजूने खाडीच्या काठाशी येऊन ठेपले तेव्हा कोठे १७३० नंतर त्यांनी ठाण्याचा कोट बांधावयास घेतला. १७३७ साल उजाडले तरी तो पुरा झालेला नव्हता. उत्तरेकडील प्रांताचा अधिकारी लुईस बोतेल्यू हा गोव्याच्या व्हाइसरॉयचा पुतण्या. नातेवाइकांच्या हाती महत्त्वाची ठाणी देण्याची चाल काही आपल्याच दरबारात होती असे नाही.

पलीकडच्या काठावर अंजूर हे गाव आहे. तेथल्या गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांचे बंधू यांनी पोर्तुगीजांच्या धर्मविषयक जुलुमाच्या तक्रारी पुण्याच्या दरबारापर्यंत नेल्या, आणि नुसत्या तक्रारी नेऊन ते थांबले नाहीत; खाडी कोठे उतरता येते, पहारे कोठे आहेत, कोट कोठे उघडा आहे, याची माहिती त्यांनीच पुरवली. मोठ्या इतिहासग्रंथांत बाजीराव आणि चिमाजीअप्पा यांच्या नावांखाली अशा माणसांची नावे दडून जातात. पण बेटाच्या युद्धात पाण्याचा माहीतगार हा सेनापतीइतकाच महत्त्वाचा असतो. अमेरिकनांना हा धडा तरावाच्या किनाऱ्यावर फार महाग पडला. १९४३ च्या नोव्हेंबरात त्या चिमुकल्या बेटावर उतरताना, प्रवाळाच्या कड्यावरून नावा जाण्याइतके पाणी भरतीला चढेल असा हिशेब त्यांनी केला होता. त्या बेटांवर अनेक वर्षे काढलेल्या एका अधिकाऱ्याने असे पाणी चढणार नाही, हे बजावून सांगितले होते. ऐकले गेले नाही. भांगेची भरती होती. नावा कड्यावर अडकल्या आणि सैनिकांना छातीभर पाण्यातून, समोरून यंत्रबंदुका चालू असताना, शेकडो यार्ड चालत जावे लागले. तीन-चार दिवसांत अमेरिकेची सुमारे एक हजार माणसे त्या बेटावर मेली. आपल्या कोळीवाड्यातल्या पोराला विचारले असते तर उधाण आणि भांग यांतला फरक त्याने बोटावर मोजून सांगितला असता.

ठाणे पडले ते १७३७ च्या वसंतात. इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाने मार्चअखेर, पोर्तुगीजांच्या पंचांगाने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. चिमाजीअप्पाची फौज पलीकडे जमली होती. रात्रीच्या अंधारात खंडोजी माणकर आणि त्यांच्या सोबतचे लोक खाडी उतरून आले आणि अपुरा कोट हाती आला. बोतेल्यू निसटला. दुसरी तुकडी शंकराजी केशव फडके यांच्याकडे वसईच्या बाजूला गेली. थोड्याच दिवसांत साष्टीचा बराच भाग मराठ्यांच्या हाती आला. आरमार नव्हते, मोठी गलबते नव्हती. खाडी अरुंद होती, रात्र काळी होती आणि माहीतगार सोबत होते, एवढ्यावर हे काम झाले.

आणि मग काम अडले. पुष्कळांची समजूत अशी की, साष्टी-वसईची मोहीम म्हणजे एक सलग विजययात्रा. तसे नव्हते. ठाणे एका रात्रीत मिळाले, वसई मिळावयास दोन वर्षे लागली. पहिल्याच पावसाळ्यात वसईवर केलेले हल्ले फसले. उत्तरेकडे केळवे-माहीमच्या पहिल्या वेढ्यातही यश आले नाही. कारण उघड आहे. वसईच्या कोटाला तीन बाजूंनी पाणी. त्या पाण्यातून गोव्याहून, दमणहून दारूगोळा येई, माणसे येत, तांदूळ येई. जमिनीकडून कितीही मोर्चे लावले तरी समुद्राचा दरवाजा उघडाच. शिवाय मराठ्यांची मुख्य फौज त्याच वर्षी निजामाच्या प्रकरणात गुंतली. भोपाळला बाजीरावाने निजामाला कोंडले, तेव्हा निजामाच्या मुलाला अडवण्यासाठी चिमाजीअप्पाला तापीकाठी राहावे लागले. घोडेस्वारांच्या राज्याला एका बेटासाठी दोन वर्षे एकाच जागी थांबणे किती जड गेले असेल, याची कल्पना करावी.

आता प्रशांत महासागराकडे वळू. १९४१ च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर घाला घातला आणि पुढच्या सहा महिन्यांत फिलिपाइन्सपासून न्यू गिनीपर्यंत बेटांची एक प्रचंड माळ ओवली. प्रत्येक बेट म्हणजे एक किल्ला. त्यावर धावपट्टी, तोफा, आणि मरेपर्यंत लढणारी शिबंदी. या किल्ल्यांना जिवंत ठेवणारा दोरा म्हणजे जपानचे आरमार. तो दोरा पहिल्यांदा तुटला जून १९४२ मध्ये, मिडवेपाशी. यामामोतोच्या बेतात गुंतागुंत फार होती. अमेरिकनांनी जपानी गुप्तलिपी उलगडलेली होती. आणि नागुमोची चार मोठी विमानवाहू जहाजे त्या एका लढाईत बुडाली. लढाईतला सेनानी स्प्रूअन्स हा शांत, मितभाषी माणूस. त्याच्यावर पुढे टीका झाली की, रात्री पाठलाग का केला नाही? आमच्या मते पाठलाग न करणे हेच त्याचे शहाणपण होते. समुद्रावर जहाजे राखणे हे शत्रूची आणखी दोन जहाजे बुडवण्यापेक्षा मोलाचे असते.

त्यानंतर ग्वाडलकॅनालसाठी ऑगस्ट १९४२ पासून सहा महिने झुंज चालली. लढाई बेटावरची म्हणून गाजली, पण निकाल लागला तो भोवतीच्या पाण्यात. ज्या रात्री जपानी जहाजे माणसे व धान्य उतरवू शकत, त्या आठवड्यात अमेरिकन हवालदिल. ज्या रात्री ती बुडत, त्या आठवड्यात जपानी उपाशी. शेवटी उपासमारीनेच जपान्यांनी ते बेट सोडले. वसईच्या वेढ्यातील मराठ्यांना हे वाचून काही नवल वाटले नसते.

येथून नीमित्झ आणि मॅकआर्थर यांनी जी युक्ती चालवली तिला बेटांवरून उड्या मारीत जाणे असे म्हणता येईल. प्रत्येक बेट घ्यावयाचे नाही. जे वाटेवर आहे, जेथे धावपट्टी उपयोगी पडेल तेच घ्यावयाचे, आणि बलाढ्य ठाणी तशीच मागे सोडावयाची. रबौलचे ठाणे असेच सोडले. तेथे आणि आसपास एक लाखाच्या घरात जपानी सैन्य होते. त्यांच्याशी समोरासमोर लढाई झालीच नाही. भोवतीचे पाणी आणि वरचे आकाश बंद केले, आणि ते लाख लोक युद्ध संपेपर्यंत भाजीपाला पिकवीत बसले. त्याच बेटावर सिंगापूरला जपान्यांच्या हाती सापडलेले हजारो हिंदी युद्धकैदीही होते, मजुरीला नेलेले. त्यांतले कितीतरी उपासाने आणि रोगाने तेथेच संपले. सोडून दिलेल्या बेटाचा हिशेब मांडताना ही माणसे सहसा धरली जात नाहीत.

मराठ्यांना ही चैन परवडणारी नव्हती. वसई सोडून पुढे जाता येत नव्हते, कारण वसईच्या पाण्यात शत्रूची जहाजे होती आणि त्यांच्या बळावर ठाणे केव्हाही परत जाऊ शकत होते. तसा प्रयत्न झालाही. १७३८ च्या अखेरीस उत्तरेचा नवा पोर्तुगीज सेनापती पेद्रो द मेलो आरमार घेऊन ठाण्यावर चालून आला. मधल्या काळात मराठ्यांनी ठाण्याची मजबुती केली होती. कोटावरच्या तोफा चालल्या, एका गोळ्याने पेद्रो द मेलो स्वतः ठार झाला आणि हल्ला मोडला. पोर्तुगीज येणार ही बातमी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराने मराठ्यांना आधीच दिली होती, असे म्हणतात. इंग्रजांचे वर्तन या सबंध प्रकरणात पाहण्यासारखे आहे. एका हाताने मराठ्यांना बातमी, दुसऱ्या हाताने पोर्तुगीजांना दारूगोळा. वसई शेवटच्या घटका मोजत असताना त्यांनी पोर्तुगीजांना पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले, तेही देवळातली चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण ठेवून! वांद्र्याचा पोर्तुगीज कोट मराठ्यांच्या हाती जाऊन माहीमच्या खाडीवर त्यांच्या तोफा येऊ नयेत, म्हणून तो पाडावयास लावला. स्वतः मात्र एक गोळीही झाडली नाही.

चिमाजीअप्पा परतल्यावर १७३९ च्या जानेवारीपासून मोहिमेला खरा जोर चढला, आणि या वेळी ती शहाण्या क्रमाने चालली. आधी वसईचे हातपाय तोडले. उत्तरेला माहीम, शिरगाव, डहाणू; मग तारापूर. तारापूरचा तट चढताना बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. पेशवे घराण्याला हा माणूस भावासारखा होता. त्यांच्या मातेला लिहिलेले सांत्वनाचे पत्र मराठी पत्रव्यवहारात प्रसिद्ध आहे आणि ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे यांची फौज गोव्यात शिरली, त्यामुळे राजधानीतून मदत सोडणे पोर्तुगीजांना कठीण झाले. मग धारावी. ही मुंबईतली धारावी नव्हे. भाईंदर-उत्तनच्या टोकाला, वसईच्या खाडीच्या मुखावर जी टेकडी आहे तिच्यावरचा हा कोट. मार्च १७३९ मध्ये तो पडला, आणि खाडीच्या तोंडावर मराठ्यांच्या तोफा आल्या. समुद्राच्या बाजूने मानाजी आंग्रे यांची गलबते होती. दोन वर्षांत प्रथमच वसईचे पाणी बंद झाले. आमच्या मते वसई पडली ती धारावी पडली त्या दिवशी. पुढचे दोन महिने वसईच्या शूर शिबंदीने लांबवले एवढेच.

त्या दोन महिन्यांची किंमत मात्र भयंकर होती. उत्तरेची, जमिनीकडची बाजू तेवढी वेढ्याला मोकळी. तिच्यावर सुरुंग चालवले. सान सेबॅस्टियनच्या बुरुजाखाली सुरुंग उडाले, खिंडार पडले, मराठे आत घुसले, आणि मागाहून उडालेल्या सुरुंगाने आपलीच माणसे उडाली. पुन्हा हल्ला, पुन्हा माघार. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदार मोर्चांत होते. किल्ला मिळत नसेल तर माझे डोके तरी तोफेने आत उडवा, असे चिमाजीअप्पा म्हणाला ही गोष्ट शाळेत आपण सर्वांनी ऐकली आहे. गोष्ट खरी असो वा नसो, वेढ्यातल्या त्या दिवसांचा कस तिच्यात उतरला आहे. मराठ्यांचे ठार व जखमी मिळून पाच हजारांच्या आसपास झाले असे सांगतात, पोर्तुगीजांचे आठशे. त्यांचा किल्लेदार मारला गेला होता. १६ मे रोजी, नव्या पंचांगाने, शरणागतीच्या अटी ठरल्या आणि आठवड्याने शिबंदी आपल्या शस्त्रांसह, बायकामुलांसह जहाजांवर चढून निघून गेली.

ही शेवटची गोष्ट क्षुल्लक समजू नये. पाच हजार माणसे गमावलेल्या फौजेने शत्रूला शस्त्रांसह जाऊ दिले. प्रशांत महासागरात हा प्रकार जवळजवळ नाहीच. इवो जिमावर सेनापती कुरिबायाशी याच्याकडे वीस-एकवीस हजार माणसे होती. त्याने किनाऱ्यावर लढण्याची आणि आरोळ्या ठोकीत धावून जाण्याची जपानी रीत बंद केली, डोंगर पोखरून मैलोगणती भुयारे केली आणि फेब्रुवारी-मार्च १९४५ चे पाच आठवडे अमेरिकनांना अडवले. सेनापती म्हणून त्या सबंध युद्धात त्याच्या तोडीचे थोडेच. अमेरिकेचे सुमारे ६,८०० मेले. लढाई संपली तेव्हा जिवंत पकडलेले जपानी दोनशेंच्या थोडे वर होते. सुटकेची वाट त्यांना नव्हती. पाणी बंद होते, आणि शरण जाण्याची वाट त्यांच्याच राज्यकर्त्यांनी बंद केली होती. ओकिनावात तर दोन्ही बाजूंचे सेनापती, बकनर आणि उशिजिमा, एकाच आठवड्यात मेले, आणि बेटावरचे सामान्य लोक लाखाच्या आसपास.

आपल्याही एका बेटाला या युद्धाची झळ लागली. १९४२ च्या मार्चमध्ये जपान्यांनी अंदमान घेतले. १९४३ च्या डिसेंबरअखेर नेताजी सुभाषचंद्र बोस तेथे गेले आणि त्यांनी तिरंगा फडकवला, हे सर्वांना माहीत आहे. त्याच सुमारास दोस्तांनी अंदमानवर हल्ला करण्याचा बेत आखून रद्द केला, हे तितके माहीत नाही. नावा दुसरीकडे हव्या होत्या. अंदमान हे सोडून दिलेले बेट झाले. पाणी बंद, धान्य बंद. आणि हेरगिरीच्या संशयाने वेडावलेले जपानी अधिकारी. ३० जानेवारी १९४४ रोजी हम्फ्रीगंज येथे ४४ नागरिक गोळ्या घालून मारले गेले. १९४५ च्या ऑगस्टात, खाणारी तोंडे कमी करण्यासाठी, शेकडो माणसे नावांतून नेऊन हॅवलॉक बेटाजवळ पाण्यात लोटली. त्यांतले मोजकेच वाचले. ऑक्टोबरात जपान्यांनी पोर्ट ब्लेअरला शस्त्रे खाली ठेवली. नकाशावर एका बेटावरून दुसऱ्या बेटावर बाण काढणाऱ्या सेनापतीच्या युक्तीचे कौतुक आम्हीही करतो. पण त्या बाणाखाली जे बेट येत नाही, तेथेही माणसे असतात.

वसई जिंकल्यावर पुढे काय झाले, हा भाग आपल्याकडे सहसा सांगितला जात नाही. चिमाजीअप्पा १७४० च्या डिसेंबरात गेला. बाजीराव त्याच वर्षी त्याआधी गेला होता. अर्नाळ्याच्या बेटावर बाजीरावाच्या आज्ञेवरून भर पाण्यात किल्ला उभा राहिला, त्याचा शिलालेख आजही दारावर आहे. पाण्याची जाण आली होती, हे त्यावरून दिसते. पण १७५६ साली नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांशी असलेल्या भांडणापायी इंग्रजांना हाक मारली, आणि विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून गेले. तुळाजी बंडखोर होता, मान्य. पण ज्या जहाजांच्या जातीने वसईचे पाणी बंद केले होते, ती जहाजे आपण परक्याच्या हातून जाळवली. मिडवेला जपानचे जे झाले ते शत्रूने केले होते.

इकडे इंग्रज स्वस्थ नव्हते. १७३९ मध्येच मुंबईच्या व्यापाऱ्यांनी मराठ्यांच्या धास्तीने कोटाभोवती खंदक खणण्यासाठी तीस हजार रुपये वर्गणी जमवली होती, आणि त्याच वर्षीच्या जुलैत कॅप्टन इंचबर्ड वसईला येऊन चिमाजीअप्पाशी गोड तह करून गेला होता. साष्टी आपल्या हाती नाही तोवर मुंबईला चैन नाही, हे ते विसरले नाहीत. नारायणराव पेशव्याच्या खुनानंतर पुण्यात दुफळी माजली, तशी संधी आली. पोर्तुगीज साष्टी परत घेणार आहेत, ही आवई निमित्ताला पुरली. १७७४ च्या डिसेंबरात जनरल गॉर्डनची फौज आणि वॉटसनचा जहाजांचा ताफा ठाण्यावर आला. हा वॉटसन विजयदुर्गचा नव्हे, दुसरा. खंदक बुजवण्याचा पहिला प्रयत्न मराठ्यांच्या शिबंदीने हाणून पाडला. वॉटसन जखमी होऊन मेला. वर्ष संपता संपता कोट पडला आणि आतील शिबंदीची सरसहा कत्तल झाली. बाहेरून कुमक येण्यास वाट नव्हती. खाडीत इंग्रजांची जहाजे उभी होती.

१७८० त गॉडर्डने वसईही घेतली. दोन वर्षांनी सालबाईचा तह झाला, तेव्हा इंग्रजांनी वसई मराठ्यांना परत दिली. साष्टी दिली नाही. ठाण्याच्या कोटाचा पुढे तुरुंग झाला; त्रिंबकजी डेंगळे १८१६ साली तेथूनच निसटले.